यूआय (स्क्रीनवरची बटणं, रकाने वगैरे) डिझाइनची तत्त्वं शिकायला क्लास लावू की घरीच होईल? (नागपूर)

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं कोडिंग करताय, बर्डीवरच्या एका क्लासने साठ हजार फी सांगितलीय, आणि शेवटी जाता जाता विचारलंय, "यूझरच अडाणी असला तर तत्त्वं शिकून काय फायदा?" फीचं नंतर पाहू. मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय.

२०१२ ची गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. सहा पोरं आणि एक सर. कळमना मार्केटमधल्या एका धान्याच्या अडतीचं सॉफ्टवेअर मी एकट्याने लिहिलं होतं. काम साधं. लिलाव होऊन माल काट्यावर गेला की काटापट्टीवरून शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव भरायचा. हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबपट्टी तयार. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या एकदम छापायच्या. भरायला एक ताई होत्या. उजवा हात नंबरपॅडवर, डावा पुढच्या रकान्यात नेणाऱ्या टॅबच्या कीवर आणि डोळे कायम कागदावर. स्क्रीनकडे त्या बघायच्याच नाहीत, बघितलं तर वेग जातो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

दिवाळी आठवड्यावर आलेली, सोयाबीनची आवक जोरात, आणि अशा दिवसांत मी सकाळी जाऊन नवीन व्हर्जन टाकून आलो. संध्याकाळी शेठजींचा फोन: "दादा, तुमचं मशीन पट्ट्या खाऊन राहिलं का?" भरल्या एकेचाळीस, छापून निघाल्या चौदा. मी पोचलो तर मेटॅडोरवाले भाड्यासाठी ओरडत होते, शेतकरी पैशांसाठी ओट्यावर बसलेले. ताई एवढंच म्हणत होत्या, "मी तं सगळ्या भरल्या, सर. रकाने साफ झाले की पुढची घेतली." काटापट्ट्या कागदावर होत्या म्हणून निभावलं. रात्री अकरापर्यंत बसून सत्तावीस पट्ट्या पुन्हा भरल्या.

सरांचा निकाल दुसऱ्या दिवशी आला: चौदा बरोबर झाल्या, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर. सत्तावीस वेळा बाईनेच रकाने पुसणारं क्लियर बटण दाबलं. तक्रारवहीत लिहिलं, "यूझर एरर". शेठजींनी ताईंचा आठवड्याचा पगार कापला. मी काही बोललो नाही, कारण मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

तीन दिवसांनी त्यांच्या खुर्चीत बसलो, माऊस ढकलून दिला आणि त्या भरतात तशी एक पट्टी भरली. भाव टाकला, टॅब, एंटर. रकाने साफ. पट्टी गायब.

झालं होतं असं. ज्यात मी फॉर्म बनवायचो त्या व्हिज्युअल स्टुडिओत टॅबचा क्रम आपण ज्या क्रमाने बटणं फॉर्मवर टाकतो तसा आपोआप लागतो. नव्या व्हर्जनमध्ये माझं सेव्ह बटण काहीतरी त्रास देत होतं, म्हणून मी ते उडवून त्याच जागी नवं ठेवलं. दिसायला हुबेहूब तेच, पण टॅबच्या रांगेत क्लियरच्या मागे गेलेलं, म्हणजे भावानंतर टॅब दाबला की सेव्हऐवजी क्लियर यायचं. मी तपासलं ते माऊसने, त्यामुळे मला कळायचं कारणच नव्हतं. ताईंची बोटं मात्र सहा महिन्यांपासून जे करत होती तेच करत होती. ज्या चौदा वाचल्या त्या सकाळी गर्दी नसताना माऊसने केलेल्या. आणि खरी मेख अशी, की सेव्ह झाल्यावरही फॉर्म रिकामा व्हायचा आणि क्लियर झाल्यावरही रिकामाच. दोन्हीचा चेहरा एकच. डोळे स्क्रीनवर असते तरी त्यांना काही कळलं नसतं.

आता सांगा, अडाणी कोण?

यूआय डिझाइनचे जाणकार याकोब नील्सन यांची दहा तत्त्वांची यादी १९९४ ची. पहिलंच तत्त्व: यंत्राचं काय चाललंय ते माणसाला कळत राहिलं पाहिजे. घोकायला अर्धा तास पुरतो. मला ते कळलं तर्री-पोह्याच्या गाडीवर, तेही कितीतरी वर्षांनी. भाऊचे दोन्ही हात तर्रीत, मोबाईल खिशात, आणि साउंडबॉक्स ओरडून सांगतो चाळीस रुपये आले. त्याने मान वर केली नाही, पुढची प्लेट लावली. ताईंना तेच हवं होतं. एक साधा आवाज. नंतर मी दिला: सेव्ह झालं की टुक, आणि खाली एक ओळ, शेवटची पट्टी कोणाची आणि किती पोत्यांची. क्लियर बटण काढूनच टाकलं. ते मुळात होतं कशाला? तर इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही केलेल्या प्रत्येक फॉर्मवर सेव्ह, क्लियर, एक्झिट असायचं म्हणून.

तर शिकायचं कसं. दहा तत्त्वं वाचा. फिट्सचा नियम वाचा. तो १९५४ चा आहे, तेव्हा माऊससुद्धा नव्हता. लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर हात लवकर पोचतो, एवढंच त्यात आहे, पण ते कळलं की सेव्हच्या शेजारी त्याच मापाचं डिलीट ठेवायला हात धजत नाही. फिग्मा, म्हणजे स्क्रीनची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर, आठवड्यात येतं, त्याला शिकणं म्हणू नका. बाकी सगळं शिक्षण वापरणाऱ्याच्या मागे स्टूल टाकून बसण्यात आहे, तोंड बंद ठेवून. "अहो, तिथे क्लिक करा ना" हे जिभेवर येतं ते गिळायचं. तो जिथे अडखळेल ते लिहून घ्यायचं, तो काय मत देतो ते नाही. पाच माणसं बसवली की बऱ्याच अडचणी सापडतात. नील्सन यांनी २००० साली मांडलेलं गणित साधारण ८५ टक्के म्हणतं, पण ते एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरून, आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. तुमच्या ऑफिसातले पाच मित्र चालत नाहीत.

हे सगळं दिवसभर एकच फॉर्म भरणाऱ्या माणसांबद्दल झालं. वर्षातून एकदा उघडायच्या ॲपचं गणित उलटं असतं, तिथे वेग गेला खड्ड्यात, पहिल्या नजरेत कळणं महत्त्वाचं. मोबाईलवर मी फार काम केलेलं नाही. आणि काही यूझर खरंच हट्टी असतात, तेही मान्य.

क्लास लावायचाच असेल तर एकच विचारा: शेवटच्या प्रोजेक्टमध्ये खऱ्या माणसाला समोर बसवता का? नाही म्हणाले तर साठ हजार ठेवा खिशात.

ताई दिवाळीनंतर काम सोडून गेल्या. टॅबचा घोळ मी सरांना सांगितला होता. ते म्हणाले, आता दुरुस्त झालंय ना, मग क्लायंटला कशाला सांगायचं. मीही नाही सांगितलं. हेच सर आजकाल "यूझर फर्स्ट" वगैरे पोस्टी टाकतात. सर, वाचत असाल तर बटण माझंच होतं, हे मी इथे लिहिलंय. तक्रारवहीतल्या त्या दोन शब्दांचं तुम्ही बघा.