वाचकांचे प्रश्न : विषचाचणीला कोणता रेणू पाठवावा?

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रकल्पात दोन रेणू उरले आहेत. एन्झाइम निम्मे रोखायला ‘अ’ ५ नॅनोमोलर लागतो, ‘ब’ १२. हर्ग चाचणीत (रेणू हृदयाचा पोटॅशियम चॅनल किती अडवतो ते पाहणारी) ‘अ’चा आयसी-५० (चॅनल निम्मा अडवणारी सांद्रता) १ मायक्रोमोलर, ‘ब’चा १२. माणसाच्या रक्तातली अंदाजे कमाल पातळी अनुक्रमे १ व २ मायक्रोमोलर. दोन्ही ९० टक्के प्रथिनांना चिकटतात. रॅटवरच्या १४ दिवसांच्या विषचाचणीला ‘अ’च घ्यावा ना?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही, ‘ब’ घ्या. हृदयाच्या चॅनलपर्यंत पोचते ते मोकळे, प्रथिनांना न चिकटलेले औषध, म्हणजे इथे फक्त १० टक्के. ‘अ’चे ०.१ मायक्रोमोलर, म्हणून आयसी-५० पर्यंतचे अंतर १० पट, ‘ब’चे ०.२, अंतर ६० पट. ३० पटींच्या आत असलेला रेणू सहसा मागे ठेवतात. आणि हा दोष रॅट दाखवणारच नाही, कारण त्याच्या हृदयाचे ठोके या पोटॅशियम चॅनलवर फारसे अवलंबून नसतात. अहवाल स्वच्छ येईल, धोका माणसासाठी शिल्लक राहील. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध याच चॅनलपायी १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले.

मात्र ‘ब’चा १२ हा आकडा आधी पारखा. रेणू द्रावणातून खाली बसला किंवा नळीला चिकटला तर आयसी-५० फसवा मोठा दिसतो. पेशींवरून वाहणाऱ्या द्रावणातली सांद्रता प्रत्यक्ष मोजून घ्या.

एम्स चाचणी (रेणू जनुकांत बदल घडवतो का ते जिवाणूंवर पाहणारी) पाचही जिवाणू-वाणांवर, एस-९ (यकृताचा एन्झाइमयुक्त अर्क) घालून आणि न घालता करा. पॉझिटिव्ह आली तर त्या बॅचमधली अशुद्धी तपासा. रेणू बनवताना उरलेला अल्किल हॅलाइडही (डीएनएशी जोडला जाणारे रसायन) जिवाणूंच्या वसाहती वाढवतो, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह दाखवतो. यकृतपेशींची चाचणी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर वाढवलेल्या हेप-जी-२ (माणसाच्या यकृत-कर्करोगातून आलेल्या) पेशींवरही करा. ग्लुकोज मिळाले की मायटोकॉन्ड्रिया बिघडूनही या पेशी तगतात.

सगळ्यात जास्त चुकते ते रक्तातल्या पातळीबाबत. दोन-तीन रॅटना १०, ३० आणि १०० मि.ग्रॅ./किलो तोंडावाटे देऊन पाहा. डोस दहापट करूनही पातळी दुपटीवरच अडली, तर विषचाचणीत काहीच दिसणार नाही आणि त्याला सुरक्षितता म्हणता येणार नाही. तेव्हा आधी कणांचा आकार किंवा वाहक द्रव बदला. रॅटच्या आणि माणसाच्या यकृतपेशींत तयार होणारे चयापचयजही (रेणूपासून शरीरात बनणारे पदार्थ) ताडून पाहा.

माल किती लागेल? २५० ग्रॅमचे १० रॅट, ३०० मि.ग्रॅ./किलो, १४ दिवस : १०.५ ग्रॅम. १०० आणि ३० चे गट धरून सुमारे १५ ग्रॅम, एकाच बॅचचे. प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना प्राण्यांच्या संख्येचे कारण लिहावे लागते. वरचे आकडे तिथेच जोडा.