चाकं घेण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली, सायकलच्या चाकांच्या तिन्ही जोड्यांची माहिती नीट वाचली. सगळ्यात हलक्या जोडीभोवती तू गोल केला आहेस: १,३५० ग्रॅम, कार्बन, ५० मिमी खोल रिम (म्हणजे टायर बसतो ते कडं टायरपासून आसाकडे ५० मिमी उंच). वर्षभर साठवलेले पैसे आहेत, म्हणून उत्तर सविस्तर लिहितोय.

आधी वजनाचा हिशोब. तुझी आत्ताची चाकं १,९५० ग्रॅमची आहेत, म्हणजे ६०० ग्रॅम वाचतील. तू, सायकल, पाणी, कपडे मिळून साधारण ६६ किलो. ६०० ग्रॅम म्हणजे त्यातला जेमतेम एक टक्का. सिंहगड तू ५० मिनिटांत चढतेस, तिथे पंचवीस-सव्वीस सेकंद कमी होतील. शर्यतीत हे सेकंद मोठे असतात, मी त्यांना कमी लेखत नाही. पण ७५० मिलिलिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या दीड किलोच्या होतात, आणि तू त्या दोन्ही पायथ्यापासून वर नेतेस.

‘चाकाचं वजन दुप्पट मोजायचं’ असं तुला ग्रुपवर कुणीतरी सांगितलंय. ते वेग घेतानाच खरं. रिमवरच्या वस्तुमानाला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून गर्दीतून झेप घेताना हलकं चाक चटकन उचलतं. एका लयीत घाट चढताना मात्र रिमवरचा ग्रॅम आणि खिशातला ग्रॅम सारखाच.

आता वारा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. ताशी ४० किलोमीटरला एखादं चाक १० वॉट वाचवत असेल, तर २५ ला ते जेमतेम अडीच वॉट वाचवतं. शिवाय अडवणाऱ्या हवेतला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा तुझ्या शरीराचा असतो. तू सपाटीवरसुद्धा हुडावर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, हात ठेवून ताठ बसतेस. कोपर वाकवून अर्धा तास खाली राहायला शिकलीस, तर कुठल्याही रिमपेक्षा जास्त मिळेल, आणि फुकट. तरी खोल रिम घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने हवेत घुसत असतो, तेव्हा तिथल्या आकाराला अर्थ आहे.

माझी खरी काळजी पुढच्या चाकाची आहे. तू ५४ किलोची. जुन्या कात्रज घाटात बोगद्यातून बाहेर पडताना कधीकधी वारा कसा आडवा येतो, ते तुला माहीत आहे. खोल रिमला तो शिडासारखा धरतो आणि हँडल हातातून खेचतो. घाबरून ब्रेक धरलेस की खोल रिमने सपाटीवर कमावलेलं सगळं उतारावर जातं. पुढे ३५ ते ४० मिमी घे, मागे हवं तर ५०.

खोलीपेक्षाही रुंदी बघ, तिकडे कुणी लक्ष देत नाही. रिम बाहेरून टायरपेक्षा निदान पाच टक्के रुंद हवी, नाहीतर टायरवरून आलेली हवा रिमला धरून राहत नाही. तुझा टायर फुगवून व्हर्नियरने मोज. २८ लिहिलेला टायर रुंद रिमवर २९-३० सुद्धा भरतो. आणि तू गोल केलेली जोडी हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड तिच्या रिमला नाही. हुकलेस रिमवर ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही, आणि टायरही त्यासाठी चालणाराच लागतो. तुला पंप ९० पर्यंत मारायची सवय आहे. ती तशीही सोड, तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये इतकी हवा नकोच. पण रिम हुकवालीच घे.

एक माझ्यावर गुदरलेलं सांगतो. तरुणपणी मीही असंच सगळ्यात हलकं चाक घेतलं होतं. मागे फक्त २० स्पोक, तेही चपटे, आणि माझं वजन ऐंशीच्या वर. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे, मागचा एक स्पोक तुटला. चाक इतकं आऊट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं, की रिम ब्रेकला घासायला लागली. सायकल खांद्यावर मारून खाली उतरलो. तसा स्पोक शहरात कुठेच मिळेना. चाक दोन महिने खुंटीला लटकलं आणि त्या वर्षीची शर्यत गेली. ‘घाटाचा राजा’, म्हणजे शर्यतीत घाट सगळ्यात आधी चढणारा, होण्याचं स्वप्न मी तेव्हा उराशी धरलं होतं, म्हणून आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हा विकणाऱ्याला विचार: स्पोक साधे वाकड्या डोक्याचे आहेत का, इथल्या दुकानात मिळतात का, निपल, म्हणजे स्पोक आवळायच्या टोप्या, बाहेर आहेत का? आत लपलेले असतील तर आऊट काढायला दर वेळी टायर उतरवावा लागतो. मागे २४ स्पोक असू देत. १२ मिमीचा अ‍ॅक्सल, म्हणजे आस, मागे १४२ मिमी रुंदी, ११ स्पीडचा फ्रीहब (मागची दातेरी चक्रं बसतात तो भाग), एवढं तुझ्या सायकलशी जुळतंय ना ते पाहा. जाहिरातीतल्या वजनात टेप आणि व्हॉल्व्ह बहुतेक धरलेले नसतात.

म्हणजे तुझ्या यादीतली मधली, १,४८० ग्रॅमची जोडी माझ्या मते तुझी. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि टीपीयूच्या, म्हणजे हलक्या प्लॅस्टिकच्या, ट्यूब घे. साध्या ट्यूबपेक्षा चाकामागे साठेक ग्रॅम तिथेच वाचतात.

पैसे भरण्याआधी रविवारी जुनी चाकं घेऊन घरी ये. परवा तुझं मागचं चाक फिरताना पाहिलं, डावीकडे एक-दोन स्पोक सैल वाटले. बोटाने छेडून बघ, बाकीचे टणटण वाजतील आणि ते बद्द बोलतील. स्पोकची चावी माझ्याकडे आहे, आऊट तू स्वतः काढायचास.

तुझा,
काका