फटाके कोणाचे? बीजिंगहून सईला पत्र

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

आजी-आजोबांकडून लिहिलेले तुझे पत्र पोचले. वर्गातला मुलगा म्हणतो की फटाके चिनी लोकांचे, आजी म्हणते की दिवाळीला फटाके वाजवणे ही आपली पूर्वापार रीत, आणि तू विचारतेस की फटाके चिनी लोकांचे असतील, तर आपण बीजिंगमध्ये राहतो तिथे नववर्षाला एकही फटाका का ऐकू येत नाही. मुलाचे बरोबर आहे, आजीचे बरेचसे बरोबर आहे आणि तुझी शंका दोघांपेक्षा चांगली आहे.

तुला आठवणार नाही, पण 2017 च्या जानेवारीपर्यंत इथली नववर्षाची रात्र निराळीच असे. ती बहुधा आपल्या पौष अमावास्येच्या सुमारास येते आणि सण पौर्णिमेला कंदिलांच्या उत्सवाने संपतो. म्हणजे दिवाळीसारखीच चंद्र नसलेली रात्र. संध्याकाळी तुरळक आवाज सुरू होत, आणि मध्यरात्र जवळ आली की कढईतल्या लाह्यांसारखे व्हायचे: पहिले दाणे मोजता येतात, मग मोजणेच खुंटते. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेतून उडालेली शोभेची दारू आमच्या खिडकीच्या उंचीवर येऊन फुटत असे, खाली उभ्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागत, आणि शेजारच्या आजी मात्र शांतपणे च्याओझ, म्हणजे उकडलेल्या सारणाच्या करंज्या, ताटात वाढत असत. आम्हा परदेशी माणसांना पहिल्या वर्षी युद्ध पेटल्यासारखे वाटे. दुसऱ्या वर्षापासून आम्हीही खाली उतरत असू. सकाळी रस्त्यावर लाल कागदाचा थर साचलेला असे आणि तो कोणी झाडत नसे, कारण वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढला तर घरातले भाग्य बाहेर जाते अशी इथे समजूत आहे. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीचीच पूजा करतो, हे मी त्या आजींना सांगितले तेव्हा त्यांना फार मौज वाटली.

आता उगमाविषयी. बंदुकीची दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण, चीनमध्ये तांग राजवटीत, नवव्या शतकाच्या सुमारास, अमरत्वाचे औषध शोधणाऱ्या किमयागारांच्या हाती लागली, आणि तिची लेखी कृती 1044 च्या एका चिनी युद्धग्रंथात सापडते. पण सणाला आवाज करण्याची चिनी रीत या दारूहून जुनी आहे. लोक हिरवे बांबू विस्तवात टाकत. पेरांत कोंडलेली हवा आणि वाफ तापून पेर फुटे आणि त्या आवाजाने दुष्ट शक्ती पळतात असे मानले जाई. न्यान नावाच्या राक्षसाची जी गोष्ट तुम्हाला इथल्या बालवाडीत सांगत, त्यात तो लाल रंगाला आणि गोंगाटाला भिऊन पळतो, तीही याच समजुतीतली.

आपल्याकडे ही दारू उशिरा आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी भारतातल्या शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला आहे. त्यांच्या मते ती साधारण 1400 नंतर आपल्याकडे रुजली. 1443 मध्ये विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर रझ्झाक याने महानवमीच्या उत्सवातल्या आतषबाजीचे वर्णन केले आहे. मराठी मुलखातली माझी आवडती हकीकत मात्र पेशव्यांच्या बखरीतली आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीतल्या ‘दारूच्या लंकेचे’ वर्णन ऐकवले, ज्यात दारूचाच मारुती उडून लंका पेटवतो, आणि तरुण पेशव्यांनी तशीच लंका पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतली. तेव्हा आजीची रीत काही शतकांची आहे, पण पूर्वापार नाही.

मग त्याआधी दिवाळी मुकाट्याने होत होती का? मुळीच नाही, आणि मला तुला मुख्यतः हेच सांगायचे आहे. जुन्या धर्मग्रंथांत सांगितले आहे की या दिवसांत हातात पेटती चूड घेऊन पितरांना वाट दाखवावी, आणि लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री बायकांनी सूप आणि डिंडिम नावाचे ढोलकीसारखे वाद्य वाजवत अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवावे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर अंगठ्याने कारीट फोडतो, तोही नरकासुराला चिरडण्याचाच प्रकार. अंधाऱ्या रात्री उजेड करायचा आणि नको असलेल्याला घालवायचे, ही दोन्ही कामे आपली माणसे चुडीने, सुपाने आणि पायाने करत होती, जशी चिनी माणसे बांबूने करत होती. लवंगी माळ आणि भुईनळे यांनी ती कामे पुढे अंगावर घेतली, इतकेच.

तुझ्या शंकेचे उत्तर सरळ आहे. बीजिंगने भाजण्याचे आणि आगींचे प्रकार पाहून 1993 मध्ये शहरात फटाक्यांना बंदी घातली. लोकांना सण सुना वाटू लागला म्हणून 2005 मध्ये ती सैल केली. 2009 च्या कंदिलांच्या रात्री सरकारी दूरचित्रवाणीच्या संकुलातली बांधकाम चालू असलेली उंच इमारत त्यांच्याच आतषबाजीने पेटली आणि एक अग्निशमन जवान मरण पावला. पुढे धुरक्याची चिंता वाढली, तेव्हा शहराभोवतीच्या पाचव्या वर्तुळमार्गाच्या, म्हणजे रिंग रोडच्या, आत बंदी आली आणि 2022 पासून ती साऱ्या शहराला लागू झाली. आता दुकानांत विजेवर कडकडणाऱ्या प्लॅस्टिकच्या लाल माळा मिळतात. मला त्या मुळीच आवडत नाहीत. खोटा फटाका टांगण्यापेक्षा गप्प बसणे बरे. खऱ्या आवाजाची मला अजून आठवण येते, हेही लपवत नाही, पण डिसेंबरच्या हवेत तुझा खोकला ऐकला की बंदीबद्दल तक्रार करवत नाही.

आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या रात्री 8 ते 10 ही वेळ आणि कमी धुराचे ‘हरित’ फटाके एवढीच मुभा ठेवली होती. तिथे या वर्षी काय नियम आहे ते आजोबांना विचार आणि त्याप्रमाणे वाग. फुलबाजी हात लांब करून धर, आणि सुती परकर-पोलके घाल, नायलॉनचे नको. सुतळी बाँबला माझी परवानगी नाही, आजीने दिली तरी नाही. आणि आजीच्या माहेरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणी सूप वाजवत असे का, एवढे विचारून मला लिहून कळव.

तुझी,
आई