वाइन द्राक्षाला टेबल द्राक्षाचे डोस देऊ नका

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे आणि या पंधरवड्यात वाइन द्राक्षाचेच प्रश्न सर्वाधिक आले. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे : टेबल द्राक्षाचे, म्हणजे खाण्याच्या द्राक्षाचे, डोस वाइन द्राक्षाला देणं. म्हणून उत्तरं एकत्र देतो. छाटणी कशी घ्यायची, बोद (वेलींच्या ओळीतले मातीचे वरंबे) कसे भरायचे, हे तुम्हाला माझ्याइतकंच येतं. त्यात वेळ घालवत नाही.

प्रश्न (दिंडोरी तालुका) : शिराझची (लाल वाइनची जात) दीड एकर बाग, तिसरं वर्ष. मणी लहान राहतात. कृषी सेवा केंद्रातून जी.ए.चे (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) तीन डोस आणि वर एक टॉनिक लिहून दिलं आहे. द्यावं का?

नाही. एकही डोस नाही, टॉनिकही नाही. शिराझचा मणी लहानच हवा. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुवास सालीतून येतो. मणी जितका फुगेल तितकं किलोमागे सालीचं प्रमाण घटतं आणि वाइन फिकी, पातळ होते. थॉमसन या टेबल जातीचा मणी आपण फुगवतो, कारण तो खाणाऱ्याच्या हातात जायचा असतो. तुमचा माल वायनरीत चिरडला जाणार आहे. शिवाय जी.ए.मुळे पुढच्या हंगामासाठी डोळ्यात होणारी घडनिर्मिती कमी होते. ते नुकसान वर्षभराने दिसतं आणि तेव्हा दोष छाटणीला दिला जातो.

दुकानदाराची बहुतेक गिऱ्हाइकं टेबल द्राक्षाची, त्यामुळे त्याच्या हातातलं वेळापत्रकही टेबल द्राक्षाचंच. तेच तो तुम्हाला देतो. मी कितीतरी बागांच्या पंपघरात हा छापील तक्ता भिंतीला चिकटवलेला पाहिला आहे आणि शेजारी बाग कॅबर्ने या वाइनच्या जातीची! तो तक्ता आजच काढून टाका. वाइन द्राक्षाला जी.ए. नाही, सीपीपीयू नाही, मणी फुगवणारं काहीही नाही.

प्रश्न (निफाड तालुका) : सॉव्हिन्यॉन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जातीची साखर १९ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) अडते. कन्सल्टंट म्हणतात, ०:०:५० या पोटॅशच्या खताच्या चार फवारण्या घ्या, वर ठिबकमधून पोटॅश सोडा. मागच्या वर्षी तसं केलं तर वायनरीने पीएच जास्त आहे म्हणून दर कापला.

दर का कापला, ते तुमच्याच प्रश्नात आहे. पोटॅश गरजेपेक्षा जास्त गेलं की ते रसात उतरतं, द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाशी जुळून त्याचे खडे बनवतं आणि रसाचा पीएच वर चढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. पांढऱ्या वाइनला ३.२ ते ३.४ च्या आसपासचा पीएच लागतो, लालला त्याहून थोडा जास्त चालतो. पीएच ३.७-३.८ वर गेला की वाइन लवकर बिघडते, लाल वाइनचा रंग मळतो आणि वायनरीला बाहेरून आम्ल घालावं लागतं. तो खर्च ते तुमच्या दरातून वळता करतात. पानदेठ परीक्षणात कमतरता दिसली तरच पोटॅश द्या, आणि दिसली तेवढंच द्या. ‘थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं’ हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. बिघडतं. कागदावर जेवढी शिफारस आहे तेवढंच.

मग साखर का अडते? दहांतल्या आठ बागांत कारण वर दिसतं : घड जास्त, पानं कमी. एका घडाला निदान बारा-पंधरा निरोगी पानं हवीत. टेबल द्राक्षाच्या सवयीने तुम्ही वेलीवर भरपूर घड ठेवता, कारण वजनावर पैसे मिळतील असं वाटतं. वाइनमध्ये पैसे साखरेवर आहेत. मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागायच्या, आधीच जादा घड काढून टाका, जमिनीवर पडलेले बघून वाईट वाटलं तरी काढा. ज्या बागांनी हे केलं तिथे पोटॅशची एकही जादा फवारणी न करता साखर वर गेलेली मी स्वतः मोजली आहे.

दुसरं कारण पाण्याचं. घड मोठे दिसावेत म्हणून मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत भरपूर पाणी देता, शेंडा वाढत राहतो, घड सावलीत जातात. हाच काळ हलका ताण देण्याचा असतो. उलट काढणीच्या आठवड्यात वजन वाढावं म्हणून पाणी सोडणारेही आहेत. ते करू नका. साखर खाली येते, मणी तडकतात, कूज धरते. आणि काढणीआधी पंधरा दिवस पाणी पूर्ण तोडणंही चूकच. त्यात पानं गळतात आणि मणी सुकून साखर वाढल्याचा भास होतो.

आता माझा आग्रह, जो मी प्रत्येक शिवारफेरीत धरतो : शंभर मण्यांचा नमुना. पाणी उतरल्यानंतर दर चार दिवसांनी, सकाळी एकाच वेळी, बागेत फिरून शंभर मणी गोळा करा. कडेच्या ओळी आणि ओळीची टोकं सोडा. ओळीच्या दोन्ही बाजू घ्या, आणि घडाच्या खांद्याचे, मधले, टोकाचे असे तिन्ही ठिकाणचे मणी घ्या, कारण खांद्याचे मणी गोड असतात आणि टोकाचे मागे राहतात. फक्त खांद्याचा मणी मोजून ‘२२ आली’ म्हणणारे शेतकरी वायनरीच्या गेटवर दीड-दोन ब्रिक्सने खाली येतात आणि मग गेटवर वाद घालतात. सगळे मणी एका पिशवीत चिरडा, गाळा, मग रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाका. आधी शुद्ध पाण्यावर त्याचा शून्य तपासा. बी चावून बघा, हिरवी असेल तर माल तयार नाही. तारीख, ब्रिक्स, आणि जमलं तर पीएच वहीत लिहा. २३ ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन होते. वायनरीला नेमकं काय हवं ते याच आकड्यांत ठरतं. ही वही तुमच्याकडे असेल तर गेटवर तुमच्याशी कोणी वरवर बोलत नाही. वही नसेल तर त्यांचा आकडा हाच आकडा.

प्रश्न (खेडगाव परिसर) : भुरी (पांढरी पावडर धरणारा बुरशीचा रोग) शेवटपर्यंत सोडत नाही. दुकानात सांगितलं, काढणीच्या दहा दिवस आधी गंधक मारा, ते तर नैसर्गिकच आहे.

गंधक नैसर्गिक आहे, म्हणून ते कधीही चालतं असं नाही. सालीवर राहिलेलं गंधक रसात जातं आणि आंबवताना त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. एका ट्रॉलीच्या मालाने अख्खी टाकी वासाला जाते, आणि पुढच्या वर्षी तुमचा माल घेणं बंद होतं. काढणीआधी निदान पाच आठवडे गंधक बंद. तांब्याचंही तसंच : उशिराचा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) यीस्टला मंद करतो आणि सॉव्हिन्यॉनचा खास सुवास मारतो. पाणी उतरल्यावर बोर्डो नको. त्यानंतर भुरीसाठी ॲम्पेलोमायसेस ही उपयोगी बुरशी किंवा बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वापरा, पण ही जैविकं भुरी पसरल्यावर चालत नाहीत, आधीपासून हवीत. घडाजवळची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने विरळ करा, भुरी अर्धी तिथेच थांबते.

चार औषधं एका टाकीत घालून दीडपट डोस मारायची सवय सोडा. दुकानदार म्हणतो, ‘एकाच फेरीत काम होईल.’ होत नाही. पानं भाजतात, अवशेष राहतात. डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी (फवारणी ते काढणी सोडायचे दिवस) वाचा, आणि वायनरीने दिलेली परवानगीच्या औषधांची यादी वाचा. या दोन्हीत नसलेलं औषध, मग ते कोणीही सुचवलेलं असो, बागेत आणू नका.

प्रश्न (पलूस, जि. सांगली) : पाच एकर नवीन लावतोय. अनुदान काय मिळेल, आणि भाव टिकेल का?

अनुदान आधी उरकतो. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. विमा हवामान आधारित फळपीक योजनेत, आंबिया बहार, गारपिटीचा हप्ता वेगळा. मुदतीच्या तारखा तालुका कार्यालयातून घ्या.

आता खरा प्रश्न. करार हातात असल्याशिवाय एक वेलही लावू नका. २००८ मध्ये मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन घसरलं, वाइनचा खप पडला. काही वायनरी बंद पडल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि आपल्याच जिल्ह्यांतल्या चांगल्या उभ्या बागा मुळासकट काढाव्या लागल्या. टेबल द्राक्ष विकलं नाही तर बेदाणा करता येतो. वाइन द्राक्षाला दुसरी वाट जवळजवळ नाही. मणी लहान, बियांचा. बाजारात कोणी विचारत नाही. करारात बघा : ब्रिक्सच्या टप्प्यांप्रमाणे दर, काढणीची तारीख कोण ठरवणार, माल परत करायची कारणं, मोजणी तुमच्यासमोर, आणि पैसे किती दिवसांत. शेवटचा मुद्दा नसेल तर सही करू नका.

नर्सरीवाल्याचा शब्द घेऊन रोपं आणू नका. खुंटांपैकी (ज्या मुळांवर कलम बांधतात ते) डॉगरिज खारट पाण्याला चालतो पण वेल फार जोर धरतो. वाइनसाठी मध्यम जोराचा ११०-आर बऱ्याच ठिकाणी बरा. आणि रोगमुक्त मातृवेलीचा दाखला मागा. लाल जातींची पानं शिरा हिरव्या ठेवून मधे लाल होतात आणि कडा खाली वळतात, तेव्हा दुकानदार मॅग्नेशियम विकतो. बऱ्याचदा तो लीफरोल विषाणू असतो. त्यावर औषध नाही. तो कलमातून येतो, मिलीबग पसरवतो, आणि साखर वाढू देत नाही. मॅग्नेशियमच्या पिशव्या रिकाम्या करत दोन हंगाम घालवलेली बाग मी पाहिली आहे.

प्रश्न (वाइन द्राक्ष उत्पादकांचा गट) : राज्याच्या धोरणाकडून आम्ही नेमकं काय मागावं?

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. त्यातून विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत देण्याची योजना मध्यंतरी थांबली होती, ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. शेजारच्या कर्नाटकाने २००७ मध्ये आपलं वेगळं धोरण आणलं आणि वाइन मंडळ उभं केलं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकायचा निर्णय झाला होता, तो अमलात आला नाही. तुमच्या गटाने त्याच्या बाजूने वा विरोधात ताकद घालवू नये. त्याने तुमच्या पैशांची तारीख बदलत नाही.

मागायचं ते हे. व्हॅटचा परतावा वायनरीला मिळतो, तो शेतकऱ्याचे पैसे चुकते केल्याचा पुरावा दिल्यावरच मिळावा. सरकारचे पैसे द्राक्ष टिकावं म्हणून जात असतील, तर द्राक्ष उगवणारा आधी. दुसरं, गेटवर ब्रिक्स-पीएच मोजणारी यंत्रं वायनरीच्या नव्हे, त्रयस्थाच्या ताब्यात असावीत. तिसरं, स्वच्छ रोपं. केंद्राने २०२४ मध्ये स्वच्छ रोप कार्यक्रमाला १,७६५ कोटींहून जास्त रकमेची मंजुरी दिली आणि द्राक्षासाठी पुण्याचं केंद्र ठरलं. तिथे टेबल जातींबरोबर वाइनच्या जातीही पहिल्या यादीत याव्यात, ही मागणी आत्ताच लावून धरा. उशीर झाला तर थॉमसनच पुढे जाईल.

आणि आयातीकडे लक्ष ठेवा. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २०२२ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. बाटलीमागे ५ डॉलरहून महाग वाइनवरचं १५० टक्के शुल्क १०० वर आलं, दहा वर्षांत ५० वर येणार; १५ डॉलरहून महाग वाइनला सवलत आणखी मोठी. म्हणजे वरच्या दर्जाची बाहेरची वाइन स्वस्त होत जाणार. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाखाली १९ ब्रिक्सचा, पोटॅशने पीएच चढवलेला माल गेला तर नावाचा उपयोग काय?

प्रश्न (दिंडोरी) : पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला औषध लावणं) किती मिलीने करावं? दुकानात ६० सांगितलं.

६० नाही. हायड्रोजन सायनामाइड काडीची जाडी आणि तापमान बघून ३० ते ४० मिली प्रतिलिटर. काडी बारीक, ऊन कडक तर ३० च्या बाजूला. जास्त दिलं की डोळे जळतात, फुटत नाहीत. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत लावा.

मजुरांना हातमोजे, अंगभर कपडे द्या. आणि हे प्रत्येकाला तोंडी सांगा, कारण डब्यावरचं कोणी वाचत नाही : पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून ते नंतरचे निदान सात दिवस दारूचा थेंबही नको. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, रक्तदाब खाली येतो. असं दिसलं तर थांबू नका. औषधाचा डबा सोबत घ्या आणि माणसाला थेट दवाखान्यात न्या.