खाणीखालचा ओढा सावरण्याचं शिक्षण: पीयूसीनंतर काय?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. मुलगी सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, विषय पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र). गावाजवळच्या बंद चिरेखाणीची माती दर पावसाळ्यात ओढ्यात उतरते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं त्याचा अभ्यास केला आणि आता ‘ओढ्याचे काठ पुन्हा हिरवे करायचं शिकणार’ म्हणते. यात पोटापाण्याचं काय? कोर्स कोणता घ्यावा?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. मुलीनं काम चांगलं निवडलंय आणि आपल्या भागाला त्याची गरजही आहे. कोर्स ठरवण्याआधी मात्र हे काम नेमकं काय असतं ते दोघांनी समजून घ्या. याला लोक वृक्षारोपण समजतात आणि तिथेच निवड चुकते.

ओढ्याकाठी रोप मरतं त्याचं कारण बहुतेक वेळा वर, खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावर असतं. ढिगाचं पाणी सरळ खाली आलं की काठ कापला जातो आणि रोपं गाळाखाली जातात. म्हणून पहिलं काम पाण्याचं. ढिगाच्या माथ्याला नि पायथ्याला चर काढायचा, चराच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा करायचा आणि ढिगाचा उतार कमी करायचा. एक मीटर उंचीला निदान दोन-तीन मीटर आडवं अंतर मिळायला हवं. त्याहून उभ्या सुट्या मातीवर पेरलेलं गवत खानापूरच्या जुलैत टिकत नाही.

मग माती. खाण उघडताना वरची माती वेगळी ठेवली असेल तर ती जपून वापरायची. तिचा ढीग दोन मीटरच्या वर गेला किंवा वर्षानुवर्षं पडून राहिला, तर आतले जिवाणू आणि बी मरतं. तिच्यावर ताग किंवा धैंचा (हिरवळीचं खतपीक) पेरून ठेवला तर ती बरीच जिवंत राहते. खाणीचा तळ यंत्रांनी दबलेला असतो, तो अर्धा मीटर फोडल्याशिवाय मूळ शिरत नाही. जांभ्या जमिनीचा सामू (पीएच) 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटतात आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो. अशा ठिकाणी युरिया टाकून काही होत नाही. माती परीक्षण करून चुना आणि शेणखत द्यावं लागतं.

झाडांची पाळी त्यानंतर. पाण्याला लागून शेरणी, वाळुंज, लव्हाळा. जरा वर निरगुडी, वाळा, करंज. काठाच्या माथ्यावर जांभूळ, उंबर, अर्जुन. वाळ्याचे ठोंब 10-15 सेंटिमीटरवर, उताराला आडव्या ओळीत लावतात. निरगुडी आणि वाळुंज यांच्या जिवंत काठ्या रोवतात: लांबी 60 ते 90 सेंटिमीटर, जाडी अंगठ्याएवढी किंवा थोडी जास्त. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ कापायचं, म्हणजे काठी उलटी रोवली जात नाही. दोन तृतीयांशाहून जास्त भाग जमिनीत गेला पाहिजे आणि खालचं टोक उन्हाळ्यातल्या ओलीपर्यंत पोचलं पाहिजे. कापलेली काठी दिवसभर उन्हात पडली तर फुटत नाही.

वेळही महत्त्वाची. काठाच्या माथ्यावरची रोपं जून-जुलैत लावायची. पाण्याकडेची लागवड मात्र पूर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पुढच्या पुराआधी मुळांना आठ-नऊ महिने मिळतात. जुलैच्या वनमहोत्सवात ओढ्याच्या कडेला लावलेली रोपं पहिल्याच पुरात जातात, हे दरवर्षी होतं आणि फार वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं ही दुसरी चूक. हिरवळ लवकर दिसते, पण तिच्या पाल्याच्या थराखाली गवत फारसं येत नाही, आणि काठाची माती धरून ठेवतात त्या गवत-झुडपांच्याच बारीक मुळ्या.

आता पोटापाण्याचं. लोहासारख्या प्रमुख खनिजांच्या खाणींना 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांप्रमाणे खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्यानं जमीन सावरण्याचा आराखडा द्यावा लागतो. बळ्ळारी, चित्रदुर्ग, तुमकूरच्या लोहखाणींना तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जमिनीच्या पुनर्वसनाचे खाणनिहाय आराखडे सक्तीचे झाले. त्यामुळे खाण कंपन्यांचे पर्यावरण विभाग, पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार संस्था (त्यांना जैवविविधतेचा जाणकार ठेवावाच लागतो), पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था आणि वनखातं, अशा चार वाटा आहेत. चिरेखाण गौण खनिजात (बांधकामाचा दगड, वाळू वगैरे) येते. तिचे नियम राज्याचे असतात आणि तिथे पगारी काम कमी मिळतं, हेही तिला आधीच सांगा. सुरुवातीची वर्षं घरापासून लांब, साइटवर काढायची तयारी हवी.

माझी पहिली पसंती चार वर्षांच्या बी.एस्सी. वनशास्त्राला. धारवाड कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय शिरसीला आहे, प्रवेश केसीईटीनं (कर्नाटकची सामायिक प्रवेश परीक्षा). घरची शेती असेल तर शेतकरी कोट्याचा फॉर्म भरा. त्याची प्रॅक्टिकल परीक्षा वेगळी असते, ती चुकवू नका. महाराष्ट्रात दापोलीलाही हा कोर्स आहे. सीमाभागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशांत वेगळी तरतूद असते. यंदाच्या माहितीपुस्तिकेत अटी आणि दाखले पाहून घ्या. दोन्हीकडे जमलं नाही तर बेळगावात बी.एस्सी. करता येईल, वनस्पतिशास्त्राबरोबर भूगर्भशास्त्र मिळालं तर उत्तम, आणि पुढे एम.एस्सी.ला देहरादूनची वन संशोधन संस्था आहे. ‘पर्यावरण’ हे नाव बघून वर्गातल्या वर्गात शिकवणारा कोर्स घेऊ नका. पदवीच्या काळात लेव्हल लावणं (जमिनीची उंची-उतार मोजणं), जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) आणि रोपवाटिका या तीन गोष्टी हाताखालून जायला हव्यात. कन्नडही लिहिता-वाचता पक्कं हवं. वनखात्यासाठी ते लागतंच, शिवाय साइटवरचे मजूर आणि पंचायत यांच्याशी रोजचं बोलणं त्यातच होतं.

सीईटी झाली की तिला त्याच ओढ्याचा 20 मीटरचा तुकडा निवडू द्या. पंचायतीची नि जमीनमालकाची परवानगी घ्या. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं उतार मोजायचा, माती तपासायला द्यायची, पावसाळ्यात पाणी कुठून येतं याचा नकाशा वहीत काढायचा. दसऱ्याच्या सुट्टीत निरगुडीच्या पन्नास काठ्या रोवायच्या आणि फेब्रुवारीत, मेमध्ये व पुढच्या पावसाळ्यानंतर किती जगल्या, मेल्या त्या कुठल्या जागेवरच्या, ते लिहायचं. गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण मात्र आधी, काठ्या नंतर.