उजव्या हाताची डावखुरी

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची. लिहिते-जेवते उजव्या हाताने, बॅटिंग मात्र डावखुरी. अकादमीतले सर म्हणतात, आत्ताच सवय बदला. त्यात शाळेच्या स्पर्धेत दोनदा भोपळा. काय करावं? – एक आई, मिरज

उत्तर : मिरजेहून हा प्रश्न यावा, म्हणजे कमालच! तुमच्या शेजारच्या सांगलीचीच भारताची क्रिकेटपटू स्मृती मानधना. जन्माची उजवी. वडिलांना डावखुऱ्यांचं भारी कौतुक, भाऊ श्रवण डावखुरा खेळायचा. त्याचं बघून हीसुद्धा तशीच उभी राहिली.

मुलीला बॅट धरायला सांगा नि हात बघा. डावखुऱ्या बॅटरचा वरचा हात उजवा. बॅट सरळ आणायची, कव्हर ड्राइव्हसारख्या फटक्याला दिशा द्यायची, ती वरच्या हातानं. म्हणजे पोरीचा जोरकस हात अगदी मोक्यावर आहे. मी २५ वर्षं शाळेत खेळ शिकवले. एका मुलीचा असाच स्टान्स, म्हणजे बॅट धरून उभं राहायची ढब, हट्टानं बदलला. जोराचा हात खाली गेला आणि महिनाभर तिची बॅट आडवीच येत राहिली. एक दिवस ती गुपचूप थ्रोबॉलच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला ते अजून टोचतं. तेव्हा सरांशी भांडू नका, पण हात बदलू देऊ नका.

आता भोपळे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात स्मृतीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. जूनमध्ये वर्ल्ड कपला इंग्लंडविरुद्ध ९०, मग वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६! पुढे धावा अशा आटल्या की लॉर्ड्सच्या फायनलला शून्य, आणि आपण ९ धावांनी हरलो. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक ठोकलं ते हिनंच. नोव्हेंबरात नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला तेव्हा उपकर्णधार हीच. मधे आठ वर्षं गेली, आणि तुम्ही दोन मॅचवर रडताय.

२०१३ साली वडोदऱ्यात १९ वर्षांखालच्या सामन्यात तिनं नाबाद २२४ केल्या, ती बॅट द्रविडची होती हे लोक आवर्जून सांगतात. मला तुमच्या मुलीच्या बॅटची काळजी. युनिफॉर्मसारखी 'वाढत्या अंगाची' घेतली नाहीत ना? पायाशी उभी धरून मूठ कमरेच्या वर जात असेल, तर आधी लहान मापाची आणा. मोठी माळ्यावर टाका, दोन वर्षांनी लागेल.