केलेले काम गायब झाले? आधी हात आवरा

'सगळे गेले' असे कुणी कळवले की आम्ही उलट विचारतो: कृती (म्हणजे कोड किंवा वर्कफ्लो) गेली, डेटा गेला की निकाल? डेटा मायनिंगच्या, म्हणजे मोठ्या डेटातून उपयोगी नमुने शोधण्याच्या, प्रोजेक्टमध्ये या तीन गोष्टी सहसा तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि तिन्ही एकदम क्वचितच जातात. जास्त नुकसान होते ते त्यानंतरच्या धांदलीत.

प्रश्न: ज्युपिटर नोटबुकमधले सात-आठ सेल (कोडचे तुकडे) चुकून डिलीट झाले आणि वर मी सेव्हही दाबले. कर्नल अजून चालू आहे. काही परत मिळेल?

बहुतेक सगळे मिळेल. कर्नल, म्हणजे नोटबुकमागे कोड चालवणारी प्रक्रिया, रिस्टार्ट करू नका आणि टॅब रीलोड करू नका. आधी एडिट मेनूतून डिलीट केलेले सेल परत आणून पाहा. ज्युपिटरलॅबमध्ये सेलच्या चौकटीतून बाहेर येऊन 'झेड' दाबले की तेच होते. टॅब रीलोड झाला असेल तर मात्र ही वाट बंद.

मग नवा सेल घेऊन मेमरीतल्या महत्त्वाच्या डेटाफ्रेम (डेटाचे तक्ते) पार्केट या तक्ते साठवण्याच्या प्रकारातल्या फाइलींत उतरवा. कोड पुन्हा लिहिता येतो, पण चार तास चाललेला जॉइन (तक्त्यांची जोडणी) पुन्हा चालवायला चार तासच लागतात.

त्यानंतर टक्क्याचे चिन्ह लावून 'हिस्ट्री' ही आज्ञा द्या. पुढे 'उणे एफ' आणि फाइलीचे नाव लिहिले की या सत्रात रन केलेला सगळा कोड त्या फाइलीत येतो. तो नोटबुकमधल्या क्रमाने नसतो, रन केलेल्या क्रमाने असतो. एकच सेल पाचदा चालवला असेल तर पाच प्रती दिसतील. त्यातली बहुधा शेवटची तुमची. जो सेल लिहिला पण कधी रन केलाच नाही, तो इथे नसतो.

कर्नल मेला असता तरी आशा होती. आयपायथन (ज्युपिटरमागे पायथन चालवणारा भाग) हा इतिहास होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट आयपायथन' फोल्डरात, एस्क्यूलाइट फाइलीत ठेवतो. 'उणे जी' हा पर्याय जोडला की जुन्या सत्रांतूनही शोध घेता येतो.

चेकपॉइंटचा, म्हणजे ज्युपिटर बाजूला ठेवतो त्या नोटबुकच्या प्रतीचा, तुम्हाला उपयोग नाही, कारण तुम्ही स्वतः सेव्ह दाबलेत. ऑटोसेव्ह साधारण 120 सेकंदांनी नोटबुकची फाइल लिहितो, पण आधीच्या चेकपॉइंटला हात लावत नाही. हाताने केलेला सेव्ह मात्र चेकपॉइंटही नवा करतो. म्हणून काही गायब दिसले की सेव्ह दाबायचे नाही, आधी लपलेल्या चेकपॉइंट फोल्डरातली प्रत बाजूला काढायची.

प्रश्न: ऑरेंज या डेटा मायनिंग सॉफ्टवेअरची वर्कफ्लो फाइल सहकाऱ्याला पाठवली. त्याच्याकडे सगळे विजेट (कामाच्या एकेका पायरीचे खोके) दिसतात, पण डेटा नाही. फाइल बिघडली का?

नाही. त्या फाइलीत विजेट, जोडण्या, सेटिंग आणि डेटा फाइलीचा पत्ता एवढेच असते, डेटा नसतो. डेटा फाइल वर्कफ्लोच्याच फोल्डरात ठेवून तो अख्खा फोल्डर पाठवा. नाइम हे असेच दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची चूक याच्या उलट असते: तिथे वर्कफ्लो हाच एक फोल्डर असतो, प्रत्येक नोडचा (पायरीचा) त्यात उपफोल्डर असतो, आणि लोक त्यातली एकच फाइल उचलून पाठवतात. एक्सपोर्ट करूनच पाठवा. त्या वेळी 'रीसेट'च्या खुणेकडेही पाहा. ती राहिली तर नोडमधले तयार निकाल सोबत जात नाहीत.

प्रश्न: वेका या डेटा मायनिंग सॉफ्टवेअरच्या एक्सप्लोररमध्ये दिवसभर वर्गीकरणाचे निकाल काढले. खिडकी बंद केली आणि ते गेले.

हे परत येत नाहीत. एक्सप्लोरर निकाल मेमरीत ठेवतो. रिझल्ट लिस्टवर राइट क्लिक करून 'सेव्ह रिझल्ट बफर' आणि 'सेव्ह मॉडेल' आपणच करायचे असते. प्रीप्रोसेसमध्ये लावलेले फिल्टरही सेव्ह बटण दाबेपर्यंत मूळ फाइलीत उतरत नाहीत, त्यामुळे तुमची मूळ फाइल तरी शाबूत आहे. अनेक अल्गोरिदम ताडून पाहायचे असतील तर वेकाचाच एक्सपेरिमेंटर वापरा. तो निकालांची फाइल सुरुवातीलाच मागतो.

प्रश्न: सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतला ग्रिड सर्च (पॅरामीटरांचे सगळे संयोग ताडून पाहणे) रात्रभर चालला. सकाळी फक्त 137 हा एक्झिट कोड. 240 संयोगांपैकी किती झाले तेही कळत नाही.

137 म्हणजे 128 अधिक 9, आणि 9 हा 'किल'चा सिग्नल. लिनक्सवर बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे लिनक्सच्या कर्नलने (ज्युपिटरच्या नव्हे) तुमची प्रक्रिया मारलेली असते. 'डीमेसेज' (dmesg) ही आज्ञा लिनक्सच्या कर्नलच्या नोंदी दाखवते, त्यांत 'आउट ऑफ मेमरी' शोधा, म्हणजे खात्री होईल.

240 संयोग आणि 5 फोल्ड (तपासणीसाठी केलेले डेटाचे भाग) धरले तर 1,200 फिट, म्हणजे 1,200 वेळा मॉडेल शिकवणे. ग्रिड सर्च त्यांचा हिशेब शेवटपर्यंत मेमरीतच ठेवतो, डिस्कवर काही लिहीत नाही. व्हर्बोज (किती तपशील छापायचा ते ठरवणारा पर्याय) 3 किंवा जास्त असेल तर प्रत्येक फोल्डचा स्कोअर टर्मिनलवर छापला गेलेला असतो. नोटबुकमध्ये तो दिसला नाही तर ज्युपिटर जिथून सुरू केले त्या टर्मिनलमध्ये बघा. तिथून आकडे उचलता येतील.

पुढच्या वेळी पॅरामीटर ग्रिडवर साधा लूप लावा. प्रत्येक संयोगाचा स्कोअर लगेच सीएसव्हीत जोडा आणि सुरुवातीला ती फाइल वाचून झालेले संयोग वगळा. यात काही सुंदर नाही, पण वीज गेली तरी एकाच संयोगाचे नुकसान होते. फाइल 'ए' मोडमध्ये उघडा. 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. आणि समांतर कामांची संख्या उणे 1 (म्हणजे सगळे कोअर) ऐवजी 2 ठेवून पाहा. रँडम फॉरेस्ट या मॉडेललाही सगळे कोअर आणि ग्रिड सर्चलाही सगळे कोअर, असे दोन्हीकडे देऊ नका.

प्रश्न: 'गिट रीसेट हार्ड' केले आणि फीचर तयार करणाऱ्या स्क्रिप्टमधले दोन दिवसांचे बदल गेले.

आधी लपलेल्या गिट फोल्डरसकट सगळ्याची एक प्रत काढून ठेवा. कमिट केले, म्हणजे बदलांची गिटमध्ये पक्की नोंद केली असेल तर 'गिट रीफ्लॉग'मध्ये त्याचा हॅश (ओळख क्रमांक) सापडेल. त्यावर नवी ब्रँच काढा. आता कोणत्याही ब्रँचवर नसलेल्या कमिटच्या नोंदी तिथे मुळात 30 दिवस राहतात. रीफ्लॉग त्याच मशीनवर असतो, नव्या क्लोनमध्ये शोधू नका.

फक्त 'अॅड' केले, म्हणजे बदल कमिटसाठी निवडून ठेवले असतील तर 'गिट एफएससीके' (git fsck) उणे-उणे 'लॉस्ट-फाउंड' या पर्यायासह चालवा. फाइली निनावी मिळतील, उघडून ओळखाव्या लागतील. 'अॅड'ही नसेल तर गिटकडे काहीच नाही. तेव्हा एडिटरकडे वळा: व्हीएस कोडच्या 'टाइमलाइन'मध्ये किंवा पायचार्मच्या 'लोकल हिस्ट्री'त सेव्ह केलेल्या जुन्या आवृत्त्या असतात.